न सुकणारं फडकं

इंजिनाला भूत लागत नाही, असं मी आजवर कितीजणांना सांगितलं असेल. लोखंड तापलं तर कारण असतं — पाणी नाही, तेल नाही, नाहीतर माणसाचा हलगर्जीपणा. सगळं आयुष्य फिटरकी केली ती याच समजुतीवर. भुताखेतांवर आजही माझा विश्वास नाही. पण एक गोष्ट पाच वर्षं मनात घेऊन फिरतोय... आणि आता थकलोय.

भोरजवळ उत्रोलीला भात सडायची गिरणी होती. तिचं ऑइल इंजिन धोंडीबुवा चालवायचे. साठीचे गृहस्थ, वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातले. इंजिन तापल्यासारखं वाटलं की बायकोच्या जुन्या लुगड्याचं फडकं ओलं करून, चौघडी घालून ते इंजिनाच्या डोक्यावर ठेवायचे आणि किती वेळात सुकतं ते बघत बसायचे. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावं तसं. सगळे हसायचे. मीही.

त्या हंगामात मी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून त्याखालचं गॅस्केट, सांध्यातली पातळ चकती, बदललं. तयार मिळेना, म्हणून जाड शीटमधून हातानं कापलं. चार दिवसांत इंजिन तापायला लागलं.

बुवा म्हणाले, "फिटर, टाकी भरल्याली हाय, पान्याचा कॉक उघडा हाय, पर पानी इंजनाच्या पोटात फिरंना. तुमी ते झाकान काडून बगा."

माझ्या कामात खोट काढतात म्हणून मला राग आला. "बुवा, म्हसरं राखायची अक्कल हितं नका चालवू," मी सगळ्यांदेखत म्हणालो. हमालसुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी तापून पिस्टन धरला, इंजिन जाम झालं. मालकांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "पाण्याचा कॉक उघडायला विसरले असतील. वय झालं त्यांचं." मी कॉक बघितलाही नव्हता.

बुवांना त्याच दिवशी काढलं. जाताना एवढंच बोलले, "कॉक उघडा व्हता, फिटर."

पिस्टन बदलला. मी कापलेल्या त्याच गॅस्केटच्या मापानं नवं कापून बसवलं. बुवांच्या जागी दगडू आला... आणि इंजिन पुन्हा तापायला लागलं! टाकी धुतली, पाइप साफ केले, तेल बदललं. तीन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, भर दुपारी इंजिन बंद करून मी हात धुवायला बाहेर गेलो. परत येतो तो हेडवर एक फडकं. ओलं, चौघडी घातलेलं, लाल काठाचं, बुवांचं असायचं तसं.

"दगडू, थट्टा सुचतेय का?" मी ओरडलो.

तो दाराबाहेर भाकरी खात होता. "म्या कशाला थट्टा करू? म्या तर हितनं हाललो बी न्हाई. तुमालाच ताप चडलाय जनू!"

मी माझा रुमाल भिजवून शेजारी ठेवला. चर्र झालं, वाफ निघाली, रुमाल कोरडा. ते फडकं मात्र तसंच ओलं. उचललं तर झऱ्याच्या पाण्यासारखं गार. खालचं लोखंड चाचपलं... बोट भाजलं. डाग अजून आहे.

का कोण जाणे, निवल्यावर मी हेड उतरवलं. फडकं होतं बरोबर त्याच्याखाली गॅस्केटला पाणी जायचं भोक नव्हतं. पेन्सिलीनं गोल काढलेला, पण भोक पाडायचं मी विसरलो होतो. आणि जुन्यावरून नवं कापताना तीच चूक परत केली होती. भोक पाडलं. इंजिन दिवसभर गार चाललं.

दोन दिवसांनी फडकं खिशात घालून वेल्ह्याला गेलो, पुढे डोंगर चढून वाड्यावर. बुवा घोंगडीवर पडलेले, नुसती हाडं. त्यांच्या कारभारणीनं फडकं बघितलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं.

"ह्ये तुमच्याकडं कसं? मंगळवारी ह्यास्नी लई ताप व्हता. ह्येच कपाळावर ठिवलं, म्या पानी आनाया गेले, परत आले तर फडकं गायब. आन् ह्ये आपले बरळत्यात — 'माज्यापरीस त्याला ठिव, त्याला ठिव.'"

बुवांनी डोळे उघडले. "उतरला का इंजनाचा ताप?"

मी त्यांचे पाय धरले. सगळं सांगितलं. त्यांनी हातानंच मला उठायची खूण केली. मग म्हणाले, "मला काय नगं. मालकास्नी तेवडं सांगा, कॉक उघडा व्हता म्हनून."

"सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मालक गिरणीत भेटले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "फिटर, तुमच्या हाताला तोड न्हाई बगा!" आणि मी... मी हसलो. पुढच्या आठवड्यात सांगू, म्हटलं. पुढच्या आठवड्यात बुवा गेले. मग सांगून काय उपयोग, असं मनाशी म्हणत पाच वर्षं गेली. मालकही आता नाहीत. गावात अजून बोलतात, धोंडीबुवानं कॉक बंद ठेवून इंजिन घालवलं.

दिवसभराच्या वाटेवरून ते फडकं उत्रोलीत कसं आलं, तापल्या लोखंडावर ते का सुकलं नाही... मला कारण सापडलेलं नाही. सापडेल असं वाटतही नाही. इंजिन का तापलं, ते मात्र मला माहीत आहे.

कॉक उघडा होता.