सखूमावशीची रुई

फोन आला तेव्हा मी छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत होते. "आई गेली गं," मंदा म्हणाली. मंदा म्हणजे सखूमावशीची लेक. तीन आठवडे झाले, ते पत्रक अजून तसंच पडलंय...

सखूमावशी दर शनिवारी आमच्या गल्लीतल्या मारुतीपुढे रुईच्या माळा विकायची. पानं कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवरची. पान खुडलं की पांढरा चीक गळतो, म्हणून अंगात नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. मी शाळेत असताना मागे मागे जायचे. "पान खुड, पण डोळ्याला हात लावू नको," हे दर वेळी.

गेल्या हिवाळ्यात एका मुलाच्या डोळ्यात चीक गेला. डोळा वाचला, पण मी पेटले. 'विषारी रुई हटवा!' पत्रक घरोघर वाटलं, महापालिकेत खेटे घातले. जेसीबी आला, प्लॉट साफ. मी फोटोही काढला. लोकांना न विचारता त्यांचं भलं करणाऱ्या साहेबांवर मी पत्रकं काढते, आणि मावशीला विचारायचं मलाच सुचलं नाही.

शनिवारी ती दारात. हातात माझंच पत्रक, मंदाकडून वाचून घेतलेलं. "विषारी हाय ते तू मला शिकवती का? जन्म गेला त्यात. तुझ्या आईचा गुडघा कुणी शेकला गं? ह्या कागदानं?"

आत आई गुडघ्याला तेल लावून तव्यावर गरम केलेलं रुईचं पान बांधून बसली होती. मावशीनंच दिलेलं.

"मावशी, पोराचा डोळा गेला असता."

"मग पाटी लावायची! मुळासकट उपटत्यात व्हय?"

तिचं बरोबर होतं. मी ते कबूल केलं नाही. त्यानंतर ती पहाटेच्या बसनं आडगावच्या पुढे जायची, पानांची गोणी डोक्यावर घेऊन परतायची. दवाखान्याच्या कागदावर हृदयविकार लिहिलंय. असेल. पण त्या कागदावर विसंबून मला झोप लागत नाही.

मंदानं परवा तो शर्ट माझ्या हातात दिला. म्हणाली, "प्लॉटवर रुई परत फुटलीय, माहितेय? आई तोडत नव्हती. म्हणायची, कवळी हाय, वाढू दे."

मला माहीत नव्हतं. फोटो काढल्यावर मी तिकडे फिरकलेच नव्हते.

काल शर्ट चढवून गेले. बाह्यांवर चिकाचे काळपट डाग, पुढून दोन बटणं नाहीत. रुई गुडघ्याएवढी झालीय. एकही पान न खुडता कडेला पाटी ठोकली. मजकुरासाठी, पहिल्यांदाच, डोकं खाजवावं लागलं नाही. पान खुडा, पण डोळ्याला हात लावू नका.