‘दूध-२’चे निरोप

आमच्या ह्यांना अख्खा बाजार भाऊ म्हणतो. भावंडांत हे थोरले, म्हणून घरात भाऊ, आणि घरातलं नाव दुकानापर्यंत यायला कितीसा वेळ लागतो? चष्म्यांचं दुकान मूळ माझ्या वडिलांचं. हे तिथे काचा घासायला शिकायला आले आणि दुकानासकट मलाही घेऊन बसले, असं माझी बहीण अजून सांगते. काच घासताना ह्यांच्यासारखा शांत माणूस शोधून सापडणार नाही. पण एखादी गोष्ट अर्धवट राहिली की ह्यांना चैन पडत नाही. चुकून कुणाचा फोन आला तर ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून देणं ह्यांना जमत नाही. एकदा एका अनोळखी बाईंना ह्यांनी फोनवरच त्यांचा प्लंबर शोधून दिला. गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं, आणि हे विचारतायत, ‘‘गळती नळाची आहे की टाकीची?’’

ई-मेल नवी होती तेव्हाच ह्यांनी पत्ता घेऊन ठेवला होता. तोवर कुणी मागितलं नव्हतं म्हणून नुसतं ‘भाऊ’ एवढंच नाव मिळालं, याचा ह्यांना कोण अभिमान. पण त्यावर फ्रेमवाल्यांच्या जाहिरातींखेरीज काही येत नसे. मग एका सकाळी चहा घेता घेता ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. ‘मासे-१ : तापमान वाढले आहे. कृपया लक्ष द्यावे.’

‘‘आपले कुठले मासे?’’ हे म्हणाले.

‘‘मला काय विचारता? निरोप तुम्हाला आलाय,’’ मी म्हटलं.

पुढे असे निरोप येतच राहिले. ‘फुलांची खोली’ गरम झाली, मग थंड झाली. ‘आजीचा फ्रिज’ तर दुपारी हमखास उघडा राहायचा. आजी सगळे झोपल्यावर गुपचूप काहीतरी खात असणार, असा माझा तर्क होता, आणि मला ती आजी आवडायला लागली होती. एकूण मला करमणूकच झाली. ह्यांची मात्र होत नव्हती, कारण त्यांत एक ‘दूध-२’ होता.

निरोपातल्या तापमानावरून ‘दूध-२’ हा डीप फ्रीजर असावा. त्याचं तापमान वाढल्याचा निरोप यायचा आणि काही वेळाने ‘पूर्ववत झाले’ असा दुसरा. पण दर वेळी पारा आधीपेक्षा थोडा जास्त चढायचा आणि उतरायला जास्त वेळ घ्यायचा.

‘‘दाराचं रबर गेलंय,’’ हे म्हणाले. ‘‘अजून दम धरून आहे बिचारा. पण फार दिवस काढणार नाही.’’

‘‘असेल कुणाचं तरी आइस्क्रीम. वितळलं तर पुन्हा करतील.’’

‘‘आइस्क्रीमला कुणी दूध म्हणतं का? अगं, आपल्या भाचीचं बाळ दिवस भरायच्या आधी झालं, तेव्हा त्याला दुसऱ्या आयांचं दूध पाजलं होतं ना? ते असल्याच फ्रीजरमध्ये ठेवतात.’’

त्या बाळाची मूठ माझ्या अंगठ्याच्या टोकाएवढी होती, ते मला आठवलं.

ह्यांनी निरोपाला उत्तर पाठवलं, ते जसंच्या तसं परत आलं. निरोपात गाव नाही, फोन नाही. तळाशी बारीक अक्षरात एका प्रोग्रॅमचं नाव तेवढं होतं. ते धरून ह्यांनी शोध घेतला. फ्रीजरवर लक्ष ठेवणारा हा प्रोग्रॅम ओपन सोर्स निघाला. म्हणजे फुकट आणि सगळ्यांना खुला. हौशी माणसं मिळून तो लिहितात, आणि ज्याला चूक दिसेल त्याने ती सुधारावी. वापरणाऱ्यांसाठी त्यांनी माहितीची पानं लिहिली होती आणि त्यांत कॉन्फिगरेशनचा, म्हणजे प्रोग्रॅमला सुरुवातीला भरून द्यायच्या माहितीचा, एक नमुना होता. फ्रीजरचं नाव इथे, तापमान इथे, आणि ‘बिघाड झाल्यास कोणाला कळवायचे’ याच्यापुढे आमच्या ह्यांचा पत्ता. अक्षरन् अक्षर.

ती पानं लिहिणाऱ्या बाईंना ह्यांनी कळवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. आवाजावरून आमच्या भाचीच्या वयाची असावी.

‘‘काका, मला फार लाजल्यासारखं झालंय. माझ्या मोठ्या भावाला आम्ही भाऊ म्हणतो. घरात काही बिघडलं की त्यालाच सांगतो. नमुन्यात काहीतरी लिहायचं म्हणून ते लिहिलं. एवढा सोपा पत्ता खरंच कुणाचा तरी असेल हे डोक्यातच आलं नाही. आणि मला वाटलं, लोक तो बदलतीलच.’’

‘‘नाही बदलत, ताई,’’ हे म्हणाले.

‘दूध-२’ कुठे आहे, हे तिलाही सांगता येईना. प्रोग्रॅम ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर चालतो, कोण वापरतं याची नोंद कुठेच नसते. ‘‘आम्ही कुणाचीही माहिती साठवत नाही, हे आम्ही मिरवतो,’’ ती म्हणाली. ‘‘आज पहिल्यांदाच त्याने घोडं अडलं.’’ मात्र तिने तिथल्या तिथे नमुन्यातला पत्ता बदलला. फक्त उदाहरणासाठी राखून ठेवलेले, कधीच कुणाचे नसणारे पत्ते असतात, त्यांतला एक घातला.

मी म्हटलं, चला, सुटलो. पण दुपारी काच घासता घासता ह्यांनी मशीन बंद केलं.

‘‘हे तर आणखी वाईट झालं. आता जो नमुना उतरवून घेईल त्याचा निरोप कुणालाच जाणार नाही. आत्ता निदान मला तरी येतो.’’

‘‘तुम्हाला येऊन काय उपयोग होतोय?’’

बोलून गेले आणि जीभ चावली, पण खोटं नव्हतं ते. हे उठले आणि शोकेससमोर जाऊन उभे राहिले.

शोकेसमधल्या फ्रेमांना साधी, बिननंबरची काच असते, नुसती दाखवण्यापुरती. वडिलांच्या वेळी एक गुरुजी तशीच फ्रेम डोळ्यांवर चढवून, आरशात बघून, खूश होऊन निघून गेले. कितीतरी दिवसांनी तक्रार घेऊन आले की नवा चष्मा लावूनही पेपर वाचता येत नाही. तेव्हापासून आम्ही दाखवण्याच्या काचेवर बरोब्बर मधोमध एक जाडजूड कागद चिकटवतो. फ्रेम नाकावर कशी बसते ते कळतं, पण घालून दाराबाहेर पडता येत नाही.

ह्यांनी ताईला फोन लावला आणि गुरुजींची गोष्ट सांगितली. ती आधी खूप हसली, मग म्हणाली, ‘‘काका, म्हणजे नमुना तसाच्या तसा चालूच होता कामा नये.’’

मग दोघांची खलबतं सुरू झाली. मी चहा पुरवण्यापलीकडे लक्ष घालायचं नाही असं ठरवलं होतं, पण कान तिकडेच. पत्त्याची जागा कोरी ठेवायची आणि शेजारी लिहायचं, ‘तुमच्यापैकी जो हमखास धावून येईल त्याचा पत्ता इथे लिहा.’ जागा कोरी राहिली किंवा तिथे आमच्या ह्यांचा पत्ता दिसला, तर प्रोग्रॅमने अडून बसायचं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांतल्या एकाने हरकत घेतली की अडलेला प्रोग्रॅम काहीच राखत नाही, मग आहे त्यापेक्षा बरं काय झालं? ताईने त्याला पटवलं की अपडेट करणारा माणूस तेव्हा पडद्यासमोरच बसलेला असतो, अडवायचं तर तेव्हाच. अडल्यावर दिसायचा मजकूरही तिनेच लिहिला : ‘तुम्ही नमुन्यातला पत्ता तसाच ठेवला आहे. आजवरचे तुमचे सगळे निरोप एका अनोळखी गृहस्थांना गेले.’ त्यापुढे एक वाक्य ह्यांनी घालायला लावलं : ‘आधी फ्रीजर उघडून पाहा.’

नवी आवृत्ती निघाली. काही दिवसांनी मासे थांबले, फुलं थांबली. आजीचा फ्रिज थांबला तेव्हा मला थोडी चुटपुट लागली. ‘दूध-२’ मात्र येतच राहिला, दर खेपेला जास्त गरम. आणि मग एक दिवस तोही आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

‘‘झालं की मनासारखं,’’ मी म्हटलं.

‘‘वीज जाऊन फ्रीजर आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद पडले, तरी निरोप येत नाही,’’ हे म्हणाले.

त्या दिवशी ह्यांनी एका फ्रेममध्ये डावी काच उजवीकडे बसवली. आमच्या लग्नापासून असं झालेलं मी पाहिलं नव्हतं. मलाही घास गोड लागेना. आइस्क्रीम म्हणून थट्टा केली होती, ती आता मलाच बोचत होती.

ई-मेल आली तेव्हा दुकानात एक मुलगी चष्म्याची दांडी सैल करून घ्यायला आली होती. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘तू वाच.’’ एका हॉस्पिटलच्या बाळांच्या वॉर्डातल्या सिस्टरनी लिहिलं होतं.

‘परवा अपडेट करताना प्रोग्रॅम अडला आणि त्यात तुमचा पत्ता दिसला. लगेच फ्रीजर उघडला. दाराचं रबर फाटलेलं होतं. वरच्या कप्प्यातल्या बाटल्यांतलं दूध मऊ पडलं होतं, ते टाकून दिलं. बाकी सगळं दूध घट्ट होतं, ते दुसरीकडे हलवलं. या धावपळीत तुम्हाला कळवायचं राहिलं. बाळं सगळी छान आहेत. निरोप येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं आम्ही इतके दिवस समजत होतो.’

जीव भांड्यात पडला. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसलीही नाही. हे गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘‘ते दूध घट्ट होतं ते पुन्हा वाच.’’ मी पुन्हा वाचलं.

ती मुलगी घाबरून आमच्या दोघांकडे बघत होती. ‘‘मावशी, काय झालं? कुणाला काही झालं का?’’

‘‘नाही गं,’’ मी म्हटलं, ‘‘कुणालाच काही झालं नाही.’’