एक्केचाळीस घरांतली वेल

पिवळ्या फुलांची ती वेल आमच्या भागात आणली पोस्टमनकाकांनी. नोकरीत असताना कुणाच्या तरी कुंपणापाशी त्यांना ती आवडली आणि मग टपालाच्या थैलीतून, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या ते दारोदार वाटत सुटले. "लावा, पाणी नाही घातलं तरी जगते," असं वर सांगायचे. ते मात्र अगदी खरं निघालं.

वीस वर्षांत वेलीने अंगणंच्या अंगणं गिळली. तिच्याखाली गवत उगवेना, फुलझाडं गुदमरली, माझा पालकाचा वाफा दोनदा गेला. निवृत्त झाल्यावर काका एकदा माझ्याकडे आले, वाफा बघितला आणि चहा अर्धा ठेवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन हजर. काड्या कुणाकुणाला दिल्या हे त्यांना पाठ होतं. एक्केचाळीस घरं. सगळीकडची वेल स्वतःच्या हाताने काढायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षी ते सपशेल तोंडावर आपटले. उपटलेली वेल त्यांनी ज्याच्या त्याच्या खतखड्ड्यात टाकली. तिला पेरापेराला मुळं फुटतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. खत जिथे पडलं तिथे वेल दुप्पट. लोक हसले, मीही हसलो. काका पुन्हा पहिल्या घरापासून सुरू झाले. आता उपटलेलं पत्र्यावर पसरून कडक वाळवायचं, मोकळ्या जागेवर काळं प्लास्टिक अंथरून विटा ठेवायच्या आणि दर पंधरा दिवसांनी फेरी, टपाल टाकायचे त्याच क्रमाने.

आणखी तीन वर्षांत चाळीस घरं साफ झाली. उरलं त्यांच्या ताईंचं, नेमकं माझ्या भिंतीला लागून. ताईंची नजर अधू होत चालली होती. खिडकीपाशी बसून त्या म्हणायच्या, "माणसांची तोंडं कळत नाहीत रे, पण तुझी फुलं दिसतात." त्यामुळे तिथे काकांचं खुरपं चालेना. वेल मात्र भिंतीखालून माझ्याकडे आणि माझ्याकडून पुढे.

मला संताप यायचा. एकदा सुनावलंच, "काका, या एका घरापायी चाळीस घरांची मेहनत पाण्यात जाणार."

"कळतंय मला," म्हणाले.

शेवटी एका सकाळी ते ताईंपुढे जाऊन उभे राहिले. मी भिंतीअलीकडे होतो, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"ताई, वेल काढावी लागेल गं."

"मग काढ की."

"तुला तेवढंच दिसतं, म्हणून थांबलो होतो."

"मला वर्ष झालं, काहीच दिसत नाही. तू हौसेने लावलेली, म्हणून आपलं म्हणायचे. तुझं मन कशाला मोडायचं?"

काकांनी त्या दिवशी काही उपटलं नाही. पायरीवर बसून राहिले. एक्केचाळीस घरांतली काडी न् काडी ज्यांच्या लक्षात, त्यांना दर पंधरवड्याला भेटणाऱ्या बहिणीचं एवढं कळलं नव्हतं. मला कुठे कळलं होतं, मी तर भिंतीला लागून राहतो.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. मीच खुरपं घेऊन ताईंच्या अंगणात गेलो. पावलं ऐकून त्यांनी विचारलं, "कोण?" मी नाव सांगितलं आणि काम सुरू करण्याआधी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसलो.