सातव्या दारावरचा हात

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. कॉलेजात केमिस्ट्री शिकवते मी. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं...

घर नागपुरात, मानेवाड्याला, दुसरा मजला. बारा वर्षांपूर्वी आईनं किचन नवं केलं, पांढऱ्या सनमायकाचं. पण त्यावरचं पातळ प्लास्टिक काही काढू दिलं नाही. तेव्हा मी सासर सोडून परत आले होते, दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्याकडेच. एकदा नुसता कोपरा उचलला तर म्हणाली, "तू काहून हात लावतं? सून आली की तिच्या हातानं काढू." फार लागलं मला ते. अजून लागतं.

आई गेल्या वर्षी गेली. दादाचं लग्न आता कुठे ठरलंय, सून दिवाळीनंतर येईल. म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, मी मुद्दाम — हो, मुद्दामच — ते प्लास्टिक ओढून काढलं.

बारा उन्हाळ्यांत गोंद पार भाजून निघालेला. खोबरेल तेल चोपडायचं, अर्धा तास थांबायचं, वर सोडा टाकून जुन्या एटीएम कार्डानं खरवडायचं. अशी सहा दारं झाली. सातवं गॅसच्या बाजूचं. त्याचं प्लास्टिक चारही बाजूंनी किनारीच्या पट्टीखाली दाबलेलं, कुठेही सुटलेलं नाही. ब्लेडनं कापावं लागलं.

आत सगळीकडे पिवळा, चिकट गोंद. आणि मधोमध एका पंजाएवढी जागा कोरडी, लख्ख पांढरी. उजवा हात. करंगळीशेजारचं बोट अर्धंच.

आईचं ते बोट तसंच होतं. कुहीला माहेरी, धान कापताना विळ्यानं तुटलेलं. मी तिथेच खाली फरशीवर बसले आणि रडले.

सुतार म्हणतो, गॅसच्या गरमीनं गोंद वाळला. वाळला असेल. पण गरमीला आईचं तुटकं बोट कसं ठाऊक? मावशी म्हणते, "शांती करून घे वं बाई, जीव अडकून राहिला असन तिचा." दादा फोनवर म्हणाला, "पुसून टाक ना वं. नवी पोरगी भिऊन जाईन."

पुसणं सोपं आहे हो. भोवतालचा गोंद काढला की दार सारखं पांढरं होईल आणि हात उरणारच नाही. म्हणून हात लावला नाही. चार महिन्यांत त्या गोंदावर पीठ, केस, धूळ बसून दार काळंकुट्ट झालंय. कोरड्या जागी धूळ चिकटत नाही, हे मलाही कळतं; पण गॅसशेजारी असूनही पंजावर फोडणीचा तेलकट थरसुद्धा नाही... का नाही, ते मला सांगता येत नाही. तो हात मला अडवणारा आहे की 'घे, तुझंच' म्हणणारा, तेही कळत नाही.

सुनेनं सहा दारं खुशाल बदलावीत. सातवं मी स्क्रू काढून माझ्या खोलीत नेणार आहे, गोंदासकट.