डावीकडे जाणारे बाण

खांदा आखडल्यावर वडिलांचं धनुष्य मला ओढवेना. मुरगूडजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून मी हलकं, बांबूचं करून घेतलं. मापासाठी वडिलांचे शिकारीचे बाण नेले होते. त्यांची लोखंडी पाती त्यानं बराच वेळ निरखली, पण बोलला काहीच नाही.

घरी परड्यात चिंध्यांनी भरलेल्या पोत्यावर नेम धरला. बाण हातभर डावीकडे गेला. दुसरा, तिसरा, सगळे तिकडेच. बाईमाणूस बघून यानं वाकडा बांबू गळ्यात मारला, अशी माझी खात्रीच झाली. रविवारी धनुष्य नि बाण चादरीत गुंडाळून एसटीनं त्याच्या दारात गेले.

"मामा, धनुष्यात खोट हाय."

"बाण कोण मारतंय?"

"मीच की."

"मारून दावा."

मी गवताच्या गंजीवर मारला. बाण डावीकडेच गेला. त्यानं एका बाणाची पिसं सोलून काढली. वडिलांचा बाण डोळ्यांदेखत बिघडवतोय म्हणून मी हात पुढं केला, तोवर त्यानं तो सोडलाही. तो आणखीच डावीकडे, आडवा होत गेला.

"पिसं खोट झाकत्यात. धनुष्य नरम, बाणाची काडी ताठ. सुटताना काडी लवाय पाहिजे, ती लवत न्हाय."

"मग त्या दिवशी का बोलला न्हाईसा?"

"खरं सांगू? वाटलं, ही बाई घरातल्या कुणासाठी तरी धनुष्य न्हेतीया. सशामागं लागणार. म्हनलं, जाऊदेत बाण वाकडं."

मला रागही आला आणि हसूही. मी त्याला चोर समजत होते आणि तो माझ्या घरादाराला चोरटे शिकारी.

मग त्यानं काचेच्या तुकड्यानं नव्या, लांब काड्या तासल्या. प्रत्येक काडी आधी बिनपिसांची सोडायची, कुठं जाते बघायचं, पुन्हा तासायची. तो मुद्दाम जास्त तासतोय का, यावर माझं बारीक लक्ष. चौथ्या खेपेला काडी गंजीच्या मधोमध सरळ घुसली. मग पिसं बांधली. टोकाला पात्याऐवजी गोल, बोथट टोपण बसवलं.

पुढच्याच आठवड्यात तो न कळवता घरी आला. सरळ परड्यात गेला, पोतं चाचपलं, बोथट टोपणांच्या खुणा बघितल्या.

"चहा घेणार न्हवं?" मी विचारलं.

"घेतो की. पर मालक कुठं हाईत? धनुष्य घेऊन रानात तर गेलं न्हाईत?"