रबराची मुकी गाडी

माझी शाळा दुसरीपर्यंतची. टायरवाल्या कंपन्या कशा मोठ्या झाल्या ते शहाण्यांना विचारा. आमच्या यावलकडे त्या बैलांच्या मागून आल्या, एवढं मी सांगतो.

लाकडी चाकावर लोखंडाचं कडं ठोकतात, त्याला धाव म्हणतात. माझ्या गाडीची धाव अशी खणखणायची की नाल्यापलीकडून घरी कळायचं. तो आवाज आला की बायको तव्यावर भाकर टाकायची. मी बैल सोडून हात धुतो तोवर ताटात फुगलेली भाकर. याच्यापुढे मला स्वर्ग नको होता. फक्त हादऱ्यांनी केळीचे घड काळे पडायचे.

मग फैजपूरच्या बाजारात टायर कंपनीचा एजंट आला. म्हणाला, “भाऊ, आमची कंपनी आधी सायकलीपुरती होती. मग मोटारी धरल्या, विमानं धरली. आता कारखाना इथंच, हिंदुस्थानात. राहिला फक्त तुमचा बैल!”

मी भुललो. रबराची चाकं बसवली. केळी वाचली, पण घरी आलो तर चूल थंड. बायको शेजारणीला माझ्या चालण्याची नक्कल करून दाखवत होती. पोट पुढे, मान मागे. मला पाहून शेजारीण पळाली. बायको लाजायचं सोडून माझ्यावरच उखडली, “हाई गाडी शे का मांजर शे?”

ती धुळ्याकडची. तापली की माहेरच्या बोलीवर यायची.

तेव्हापासून भाकर आधीच करून ठेवलेली, म्हणजे मला गार. पुढे एजंट जाहिरातीसाठी गाडीचा फोटो काढायला आला. गाव गोळा झालं. त्याने हौसेनं विचारलं, “अक्का, रबराने काय फरक पडला?”

“भाकर थंडी व्हयनी.”

“अहो, आवाज नाही हीच तर करामत! विमानालासुद्धा आमचंच चाक असतं.”

“इमान तर बठ्ठा गावले ऐकू येस. मंग आमनी गाडीच मुकी कसाले?”

लोक खो खो हसले. तिने गोठ्यामागून जुन्या धावेचे दोन तुकडे आणले आणि तारेने आसाखाली बांधले. बैल हाकले तशी ती गुळगुळीत गाडी भंगारवाल्यासारखी वाजायला लागली. एजंटने कॅमेरा पिशवीत घातला. मला त्या दिवशी गरम भाकर मिळाली.

पुढे जगाची मोठी लढाई पेटली, रबर सारं पलटणीकडे गेलं, तेव्हा आम्ही ठिगळं लावून टायर चालवले. लढाई संपली, कंपन्या आणखी फुगल्या, नवे टायर आले. लोखंड तेच राहिलं. बायको गेल्या पोळ्याच्या आधी गेली.

परवा सून म्हणाली, “आबा, काढा ना ते लोखंड. डोकं उठतं.”

“डोकं उठतं ना? मग तूही ऊठ, भाकर टाक.”

ती हसते, उठत मात्र नाही. भाकर गारच मिळते. खातो. लोखंड काही मी काढायचा नाही.