घरी सांगू नका

शाळेत तक्रारपेटी बसवली तेव्हा तिची किल्ली माझ्याकडे आली, कारण शुक्रवारी शेवटचा तास मला मोकळा असायचा. दुसरं काही कारण नव्हतं. मुलुंड पूर्वेच्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी सव्वीस वर्षं मराठी शिकवते आहे. सरकारी परिपत्रकं या काळात ढिगाने आली आणि फायलीत गेली. हेही तसंच जाईल असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी समिती नेमा, पेटी लावा, दर आठवड्याला समितीसमोर उघडा, आलेली प्रत्येक तक्रार नोंदवहीत लिहा, नाव नसेल तरीही लिहा. समितीत आम्ही तिघी होतो. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, मी, आणि पालकांच्या वतीने पाचवीतल्या एका मुलीची आई. ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. बोलायची कमी.

पहिले काही आठवडे पेटीत चॉकलेटचे कागद निघाले. मग एक चिठ्ठी निघाली: ‘मुलींच्या बाथरूमला कडी नाही. आम्ही एकमेकींना दाराशी उभं करतो.’ मी चपापले. शिक्षकांचं बाथरूम वेगळं होतं, त्यामुळे मुलींच्या त्या दारापर्यंत मी कधी गेलेच नव्हते. दोन दिवसांत कडी बसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा मला वाटलं, ही पेटी गमतीची गोष्ट नाही.

जानेवारीत ती चिठ्ठी आली. वहीचा फाडलेला कोपरा, चार घड्या घातलेला.

‘दिवाळीच्या आधी सरांनी मारलं तेव्हापासून मला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही. घरी सांगू नका.’

खाली नाव नव्हतं. सरांचंही नव्हतं. पण अक्षर मी ओळखलं. आठवीतली मुलगी होती. तिचा ‘ळ’ कायम ओळीच्या खाली घसरायचा आणि मी तो लाल पेनाने कितीदा तरी दुरुस्त केला होता. आणि सर कोण, हेही मला विचारावं लागलं नाही. आठवीच्या वर्गात हात उचलणारे एकच होते. गणिताचे सर.

मोठ्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढून ठेवला. “नाव नाहीये बाई. निनावी चिठ्ठीवर आपण काय करणार? कोणीतरी खोडी काढली असेल.”

मी चिठ्ठीच्या घड्या पुन्हा घातल्या. गणिताच्या सरांचे माझ्यावर उपकार होते. माझ्या मिस्टरांची बायपास झाली तेव्हा दोन महिने माझे तास त्यांनी सांभाळले होते. माझ्या मुलाला दहावीला घरी बोलावून शिकवलं, तेही एक पैसा न घेता. शाळेत त्यांच्यासारखं गणित कोणी शिकवत नव्हतं, हेही खरं.

प्रयोगशाळेत काम करणारी ती आई शेवटी म्हणाली, “नाव नसलं तरी नोंद करायची असं लिहिलंय ना? मग करा.” तिने नोंदवही माझ्या दिशेने सरकवली. मी लिहिलं. दोन ओळी लिहायला मला किती वेळ लागला ते आठवतं.

सोमवारी मी आठवीच्या तीन मुलींना वाचनालयात पुस्तकं लावायला बोलावलं. एकटीला बोलावलं असतं तर वर्गात कुजबुज झाली असती. दोघी कपाटाच्या पलीकडे गेल्या, तेव्हा मी हिच्या डाव्या बाजूला उभी राहून हलक्या आवाजात म्हणाले, “ते वरचं पुस्तक दे गं.” ती हातातल्या पुस्तकांची धूळ पुसत राहिली. मी पुन्हा म्हणाले. तिने मान वळवली नाही.

मला माझीच लाज वाटली. पोरीची अशी परीक्षा का घेत होते मी? मी तिच्या समोर येऊन स्टुलावर बसले.

“पेटीतली चिठ्ठी मी वाचली.”

ती एकदम पांढरी पडली. “अक्षरावरून कळलं ना तुम्हाला? मी डाव्या हाताने लिहिणार होते, पण जमलं नाही.”

“बरं झालं जमलं नाही ते. काय झालं होतं?”

“फळ्यावर उदाहरण चुकलं एकाचं. सगळे हसले. सर म्हणाले, तू का हसतेस? बाई, मी हसले नव्हते. माझा चेहराच तसा आहे.” दात थोडे पुढे होते तिचे. “मग कानाखाली मारली. शिट्टीसारखा आवाज येत राहिला. मला वाटलं जाईल. मग कानातून पाणी यायला लागलं.”

“घरी का नाही सांगितलंस?”

“बाबा म्हणतील, सरांनी मारलं म्हणजे तू काहीतरी केलं असशील.”

मी तिला काय सांगितलं ते नीट आठवतं, कारण ते सांगणं मला अवघड गेलं. मी म्हणाले, तू काही केलं असतंस तरी मारायचा हक्क कोणाला नव्हता. आणि घरी सांगावंच लागेल, कारण कान दाखवावा लागेल. पण तुझ्या नकळत काही करणार नाही, सांगताना मी तुझ्याबरोबर असेन. तिने नखाने पुस्तकाचं लेबल खरवडलं. मग म्हणाली, “आईला आधी सांगूया?”

तिच्या घरचे लोक मालवणकडचे. आजोबा गिरणीत होते, गिरण्या बंद झाल्यावर कुटुंब परळहून मुलुंडला आलं. वडील लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत कामाला होते. आईला आधी आम्ही दोघींनी सांगितलं. मग आईवडिलांना शाळेत बोलावलं, तर मोठ्या बाईंनी आधी चहा मागवला. आई ऐकता ऐकता मुलीचा हात धरून बसली. वडील मात्र चिडले आणि चिडल्यावर घरची बोली तोंडात आली. “मास्तरान मारल्यान तर काय झाला? आमी काय कमी मार खाल्लो?” मग मोठ्या बाईंकडे वळून म्हणाले, “सरांना त्रास नको व्हायला मॅडम. तिची पुढची दोन वर्षं आहेत इथे.”

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. तो मी पाहिला. मी म्हणाले, “सरांचं नंतर बघू. आधी कान दाखवू. उद्या मी येते.”

पालिकेच्या रुग्णालयात तिला काचेच्या खोलीत बसवून कानावर यंत्र लावलं. आवाज आला की हात वर करायचा. उजव्या कानाला आवाज दिला तेव्हा हात भराभर वर जात होता. डाव्याला दिला, तेव्हा ती समोर बघत बसून राहिली. काचेपलीकडे आम्ही तिघं उभे होतो. यंत्राचा काटा हलतोय आणि हात खालीच आहे, हे वडिलांनी स्वतः पाहिलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने सरळ सांगितलं, “पडद्याला छिद्र आहे. लगेच आणलं असतं तर कदाचित आपोआप भरलं असतं. आता आत संसर्ग झालाय. आधी तो सुकवू, मग ऑपरेशन. किती ऐकू येईल ते आज सांगता येणार नाही.”

बाहेर बाकावर वडील मुलीपाशी वाकले आणि काहीतरी बोलले. ती बघतच राहिली. डाव्या बाजूला बसलेत हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ते उठले, वळसा घालून उजवीकडे गेले आणि पुन्हा तेच बोलले. “दुखतंय का गं?” एवढंच. मग मला म्हणाले, “बाई, तक्रार कुठे लिहून द्यायची?”

तक्रार शिक्षण विभागात गेली, पोलिसांतही गेली. चौकशी होईपर्यंत सरांना निलंबित केलं. त्या दिवशी ते आपलं कपाट रिकामं करायला आले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच होते.

“बाई, तुम्ही?” ते म्हणाले. “आधी मला विचारायचं होतंत.”

“विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत?”

“एक थप्पड हो. मुद्दाम कान फोडला का मी? माझा मार खाल्लेली मुलं आज भेटली की पाया पडतात.”

“जी पडत नाहीत ती कोण, ते आपल्याला ठाऊक नाही सर.”

त्यांनी खडूचा डबा पिशवीत टाकला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमचाही हात उठलाय. मी पाहिलंय. त्याची नोंद कोण करणार?”

ते खरं होतं. नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी पट्टी वापरायची. एका मुलाच्या बोटांच्या सांध्यांवर पट्टीची कड मारली होती, कविता पाठ नव्हती म्हणून. त्याची बोटं मला आठवतात. चेहरा आठवत नाही, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं.

पुढचे महिने वाईट गेले. मी शिक्षकांच्या खोलीत शिरले की बोलणी थांबायची. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सरांच्या बाजूने लांबलचक मेसेज फिरले. एकाने लिहिलं होतं की हल्लीच्या पोरांना हात लावायची सोय राहिली नाही. माझा मुलगा बंगळुरूला असतो, त्याच्यापर्यंतही ते पोचलं. त्याने फोन केला.

“आई, सरांनी मला किती शिकवलं यार.”

“हो.”

“मारायचे पण.”

मी खुर्चीत बसले. “तू कधी बोलला नाहीस.”

“बोलण्यासारखं काय होतं त्यात? तूच म्हणायचीस ना, सर सांगतील तसं वाग.” त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

चौकशीला मी गेले तेव्हा सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “आणखी एक लिहा. मीही मुलांना मारलेलं आहे.” चौकशी अधिकारी लिहिता लिहिता थांबले. “मॅडम, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. कशाला अडचणीत येताय?” मी म्हणाले, “लिहा.” त्यांनी लिहिलं की नाही, मला माहीत नाही. मी सही केलेल्या कागदावर शेवटी एक ओळ होती, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला ती वाचता आली नाही.

मधेच मोठ्या बाईंना वाटलं की सरांनी मुलीची माफी मागावी आणि विषय मिटावा. सर तयार झाले. दिवसही ठरला. मुलीला मात्र कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “भेटायलाच पाहिजे का?”

“नाही. तुला नको असेल तर नाही.”

“मग नको. ते रडले तर मला ‘ठीक आहे’ म्हणावं लागेल. आणि ठीक नाहीये.”

समितीत हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मोठ्या बाईंनी वाद घातला नाही. “तिच्या मनाविरुद्ध भेट घडवणार नाही, असं लिहून टाका,” असं त्या स्वतःहून म्हणाल्या. सरांनी पत्र पाठवलं. ते तिच्या आईने कपाटात ठेवलं. मुलीला हवं तेव्हा ती वाचेल, नको असेल तर नाही.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. पडदा बसला. ऐकू पूर्वीइतकं आलं नाही, पण यायला लागलं. जूनमध्ये ती नववीत गेली तेव्हा वर्गशिक्षिकेने तिला डाव्या भिंतीलगतची जागा दिली, म्हणजे सगळा वर्ग तिच्या चांगल्या कानाकडे राहील. एकदा मी व्हरांड्यातून जात होते, आत नव्या बाई गणित शिकवत होत्या. हिचा आवाज आला, “बाई, परत सांगा ना, ऐकू नाही आलं.” बाईंनी परत सांगितलं. पुढचं उदाहरण सुरू झालं.

सरांनी चौकशी पूर्ण होण्याआधीच निवृत्ती मागितली होती. ती मिळाली नाही. चौकशीत त्यांच्यावर ठपका ठेवला गेला आणि मग ते नोकरीतून गेले. पोलिसांतलं प्रकरण अजून कोर्टात आहे. मागच्या महिन्यात भाजी मार्केटात ते एकदम समोर आले. दोघांनाही टाळायला जागा नव्हती. दाढी वाढली होती, हातात कापडी पिशवी होती. माझ्या मनात आलं, मिस्टरांच्या बायपासच्या वेळी हा माणूस दवाखान्यात डबा घेऊन आला होता. तेही खरंच होतं, आणि त्या मुलीचा कानही खराच होता.

ते म्हणाले, “बरं आहे ना घरी सगळं?”

“बरं आहे.”

ते निघाले, दोन पावलं गेले आणि परत आले. “बाई, कान कसा आहे तिचा?”

इतक्या महिन्यांत, इतक्या बैठकांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तिच्याबद्दल बाहेर काही बोलायचं नाही, हा नियम मला पाठ होता. “ते मी नाही सांगू शकत सर,” मी म्हणाले. “पण विचारलंत ते बरं केलंत.”

त्यांनी मान हलवली. मागून हातगाडीवाला ओरडत होता, म्हणून आम्ही दोघंही बाजूला झालो.